मंडपेश्वराच्या माथ्यावरचं कॉलेज : एका बंद पडलेल्या शाळेचं प्रकरण

बोरिवली पश्चिमेला, आय. सी. कॉलनीच्या जवळ, माउंट पॉइन्सर नावाचं एक टेकाड आहे. टेकाडाच्या पोटात मंडपेश्वराचं लेणं आणि लेण्याच्या डोक्यावर बिनछपराच्या उंच दगडी भिंती. रस्त्याने जाणारे बहुतेक लोक त्या भिंतींना 'किल्ला' म्हणतात, काही 'जुनं चर्च' म्हणतात. किल्ला तो नाहीच. चर्च होतं, पण ते मुख्यतः खाली, लेण्यात. वरच्या भिंती आहेत फ्रान्सिस्कन, म्हणजे संत फ्रान्सिसच्या संघातल्या, पाद्र्यांच्या मठाच्या आणि त्याला जोडलेल्या कॉलेजच्या. कॉलेज म्हणजे आजचं अकरावी-बारावीनंतरचं कॉलेज नव्हे. बाटलेल्या कुटुंबांतली मुलं आणि पोरकी पोरं जिथे राहत, जेवत आणि शिकत, अशी ती निवासी शाळा. पोर्तुगालच्या राजाच्या पैशावर चालायची म्हणून तिला 'रॉयल कॉलेज' म्हणत. आजच्या मुंबईच्या हद्दीत युरोपीय धर्तीवर चाललेल्या अगदी सुरुवातीच्या शाळांपैकी ही एक.

मंडपेश्वरावर लिहिणारे सहसा एकच प्रश्न घेऊन बसतात: आधी देऊळ की आधी चर्च? त्याचं उत्तर शाळकरी मुलालाही देता येईल. लेणं कित्येक शतकांनी जुनं आहे. मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो वेगळाच प्रश्न. सुमारे दोनशे वर्षं चाललेली एक शाळा बंद का पडली, आणि बंद पडल्यावर तिची इमारत ना धड राहिली ना धड गेली, असं का झालं? माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. या इमारतीचा इतिहास धर्माच्या अंगाने वाचला तर अर्धाच कळतो. उत्पन्नाच्या अंगाने वाचला की जवळजवळ सगळा उलगडतो.

खालचा मजला

आधी लेण्याबद्दल थोडं. मंडपेश्वर हे शैव लेणं. जुन्या गॅझेटिअरवाल्यांनी ते आठव्या शतकातलं मानलं. अलीकडचे काही अभ्यासक जोगेश्वरी आणि घारापुरीच्या मालिकेत बसवून ते सहाव्या शतकापर्यंत मागे नेतात. पुढे खांबांची ओसरी, आत मंडप, मागे गाभारा, दोन्ही अंगांना लहान दालनं. एका बाजूच्या दालनात नृत्य करणाऱ्या शिवाचं मोठं शिल्प आहे, भोवती गणेश, ब्रह्मा, विष्णू असा परिवार. हात तुटलेत, चेहरे झिजलेत, पण कमरेतला बाक आणि अंगातली लय अजून जागच्या जागी आहे. साष्टीतला, म्हणजे या उपनगरी पट्ट्यातला, हा दगड अजिंठा-वेरुळाच्या दगडासारखा एकसंध नाही. खडे-गोटे मिसळलेला, भुसभुशीत, पाणी पिणारा. म्हणून इथली झीज पाहताना कशाला माणसाचा हात लागला आणि कशाला पावसाचा, हे वेगळं काढताना जपून बोलावं लागतं. घण घातलेला भाग सपाट आणि कोरा दिसतो. पावसाने खाल्लेला भाग फोडणीतल्या मोहरीसारखा दाणेदार दिसतो. मंडपेश्वरात दोन्ही आहेत.

आणि एका भिंतीवर क्रॉस आहे. टांगलेला किंवा रंगवलेला नव्हे, दगडात कोरलेला. ज्या कारागिराने तो काढला त्याला कातळावर काम करण्याची सवय होती हे पाहताक्षणी कळतं. बहुधा तो इथलाच कुणी पाथरवट असणार. लिस्बनहून जहाजातून पाद्री येत, शिपाई येत; छिन्नी चालवणारे हात इथलेच असत.

१५३४ नंतर

गुजरातचा सुलतान बहादूरशाह याला हुमायूनच्या स्वारीची धास्ती होती. डिसेंबर १५३४ मध्ये त्याने पोर्तुगिजांशी तह केला आणि वसई, साष्टी, मुंबईची बेटं त्यांच्या पदरात पडली. साष्टी म्हणजे वांद्र्यापासून घोडबंदरपर्यंतचा आजचा जवळपास सगळा उपनगरी पट्टा. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत धर्मप्रसारक संघांनी हा मुलूख आपसांत वाटून घेतल्यासारखाच झाला. दक्षिणेला वांद्र्याकडे पुढे जेझुइट या दुसऱ्या कॅथलिक संघाचा जोर झाला, उत्तरेला आणि वसईकडे आधी फ्रान्सिस्कन आले. त्यांच्यातलं सगळ्यात कर्तबगार आणि सगळ्यात निष्ठुर नाव म्हणजे फ्रेई अंतोनियो दो पोर्तो.

हा माणूस १५४० च्या दशकात साष्टीत हिंडला. कान्हेरीला त्याने मोठ्या चैत्यगृहाचं चर्च केलं, तिथल्या जोग्यांच्या मुखियाला बाप्तिस्मा देऊन त्याचं नाव पाउलो रापोझो ठेवलं. कान्हेरीच्या एका भुयारात दोरी आणि शिधा घेऊन सात दिवस चालत गेला आणि शेवट न सापडता परत आला, अशीही नोंद आहे. (बोरिवलीत 'हे भुयार थेट वसईला निघतं' असं सांगणारा एक तरी काका प्रत्येक सोसायटीत असतो. त्या गोष्टीचं मूळ इतकं जुनं आहे.) मंडपेश्वरातही तेव्हा जोगी राहत. ते गेले, शिल्पांपुढे भिंती घातल्या गेल्या, गिलावा चढला आणि लेण्याचं चर्च झालं. भिंती-गिलाव्याआड गेल्यामुळेच काही शिल्पं थोडीफार वाचली असावीत, पण ते करणाऱ्यांच्या मनात जतन करायचं असं काही नव्हतं. त्यांना ती डोळ्यांआड करायची होती.

दुसऱ्याचं चालतं देऊळ बळकावणं हे बळकावणंच होतं. त्याला 'सांस्कृतिक देवाणघेवाण' वगैरे गोड नाव देणाऱ्यांशी माझं जमत नाही. पण इथे थांबलं तर पुढची महत्त्वाची गोष्ट निसटते. देऊळ ताब्यात घेणं म्हणजे फक्त जागा ताब्यात घेणं नव्हतं. देवळाला जमिनी असत. भाताचं उत्पन्न, तेलवातीची सोय, गुरव-पुजाऱ्यांची नेमणूक, हे सगळं त्या जमिनींवर चाले.

गोव्यात हा व्यवहार कसा झाला त्याचे कागद स्पष्ट आहेत. तिसवाडीतली देवळं १५४० पर्यंत पाडून झाली. १५४१ मध्ये गावकऱ्यांकडून देवळांच्या जमिनींचं उत्पन्न 'स्वखुशीने' नव्या धर्मसंस्थेकडे लिहून घेतलं. त्या पैशातून एतद्देशीय मुलांसाठी जुन्या गोव्यात सांता फे नावाचं विद्यालय उभं राहिलं. तेच पुढे जेझुइटांचं सेंट पॉल कॉलेज. पायावर धोंडा पडल्यावर दिलेल्या संमतीला स्वखुशी म्हणायचं की नाही, हे वाचकांनी ठरवावं. साष्टीतही रीत तीच. राजा तिसरा जुआंव याच्या कारकिर्दीत, म्हणजे १५५७ पूर्वी, मंडपेश्वरच्या माथ्यावर फ्रान्सिस्कनांच्या मठाला आणि कॉलेजला राजाश्रय मिळाला. देवाच्या नावाने येणारं भात त्याच शेतांतून येत राहिलं, फक्त कोठार बदललं.

शाळा चालायची कशी

इमारत उभारायला दगड-चुना लागतो. इथे दगड पायाखालीच होता, चुना समुद्राच्या शिंपल्यांतून मिळे आणि मजूर गावातले. एकदा खर्च केला की भिंती उभ्या. शाळा चालवणं ही मात्र रोजची गोष्ट. शंभरएक तोंडं म्हटली तरी रोजचं किती भात लागेल याचा हिशेब कुठल्याही वसतिगृहाच्या रेक्टरला विचारा.

त्यात ही मुलं घरून डबा आणणारी नव्हती. १५५९ मध्ये पोर्तुगीज राजाच्या हुकुमाने असं ठरलं की ज्या हिंदू मुलांचे आईबाप किंवा पालनकर्ते वडीलधारे हयात नसतील, ती धर्मसंस्थेच्या ताब्यात द्यायची, तिथे त्यांचा बाप्तिस्मा करायचा. हा हुकूम मुळात गोव्यासाठी निघाला, पण त्याची सावली सगळ्या पोर्तुगीज मुलखावर पडली. बाप गेला की काका-मामा पोराला रातोरात खाडीपलीकडे पोचवत, मूल लपवणाऱ्यावर कारवाई होई, हे त्या काळातलं वास्तव. म्हणजे कॉलेजात येणारी सगळी मुलं शिक्षणाच्या ओढीने आली असं समजू नये. काही बाटलेल्या कुटुंबांतून आली, काही भुकेने आली, काही आणली गेली.

शिकवत काय? ख्रिस्ती धर्मशिक्षण हे मुख्य. त्याखेरीज वाचन, लेखन, पोर्तुगीज भाषा आणि गाणं. गाण्याचा भाग क्षुल्लक नाही. चर्चच्या उपासनेला गाणारी मुलं लागत, वाजवणारे लागत. पश्चिम किनाऱ्यावरच्या ख्रिस्ती समाजात बँडवाले, व्हायोलिनवाले पिढ्यान्‌पिढ्या कसे तयार झाले याचं एक मूळ या असल्या शाळांमध्ये आहे.

१६९५ मध्ये जेमेल्ली कारेरी नावाचा इटालियन प्रवासी वसईहून कान्हेरी पाहायला निघाला आणि वाटेत मंडपेश्वराला आला. त्याने पाहिलं ते असं: खाली कातळात कोरलेलं चर्च, बाजूच्या भिंती नैसर्गिक दगडाच्या आणि फक्त दर्शनी भाग बांधलेला. वर टेकाडावर मठ आणि कॉलेज. राजाकडून मिळणाऱ्या नेमणुकीवर जगणारे मोजके पाद्री. मला यात महत्त्वाचं वाटतं ते 'नेमणुकीवर' आणि 'मोजके' हे दोन्ही. सतराव्या शतकाच्या अखेरीला पोर्तुगीज सत्तेची कंबर मोडत आली होती. डचांनी मलबार घेतलं होतं, मुंबई बेट १६६१ च्या विवाहकराराने इंग्रजांना गेलं होतं, मस्कतचे अरब किनाऱ्यावर येऊन लुटालूट करत होते. टेकाडावर वास्तू मोठी, माणसं थोडी आणि पैसा एकाच नळातून. स्थानिक ख्रिस्ती समाजाने वर्गणी काढून चालवलेली ही शाळा नव्हती. पालक फी देत नव्हते, गाव तिचं मालक नव्हतं. राजाचा हात निघाला तर दुसरा हात नव्हता.

१७३७ ते १७३९

मग तो हात निघाला. मराठ्यांनी साष्टीवर चाल केली त्यामागे राजकारण होतं, जमीनमहसूल होता आणि तिथल्या लोकांची गाऱ्हाणीही होती. अंजूरच्या नाईक बंधूंनी पेशव्यांकडे खेटे घालून फिरंगाणातल्या, म्हणजे पोर्तुगीज मुलखातल्या, जुलमाची कैफियत मांडली, गंगाजी नाईक अंजूरकरांचं नाव त्यात पुढे. मुलं ओढून नेण्याचा, उघड पूजाअर्चेवरच्या बंदीचा मुद्दा त्या कैफियतीच्या गाभ्याशी होता. मार्च १७३७ मध्ये ठाण्याचा किल्ला पडला. गंमत म्हणजे किल्ल्याचं बांधकाम तेव्हा अजून चालू होतं. ठाणं गेलं आणि पाठोपाठ साष्टी गेली. चिमाजीअप्पांनी मे १७३९ मध्ये वसई घेतली आणि उत्तरेकडचा पोर्तुगीज प्रांत जवळजवळ संपला. वसईच्या चर्चमधल्या घंटा कुठे कुठे पोचल्या ते सगळ्यांना ठाऊक आहे. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातली मोठी घंटा त्यातलीच.

मंडपेश्वरावर काय झालं? युरोपीय पाद्री निघून गेले. खालच्या लेण्यात पुन्हा शिवाची पूजा सुरू झाली. वरच्या कॉलेजचं काय झालं ते एका शब्दात सांगायची पद्धत आहे: 'मराठ्यांनी पाडलं.' भिंतींकडे नीट पाहिलं तर हे एका शब्दात बसत नाही. पाडायचं ठरवून पाडलेली इमारत अशी दिसत नाही. दोन-दोन मजले उंचीच्या भिंती, कमानीसकट, अडीचशेहून जास्त पावसाळे काढून आजही उभ्या आहेत. ज्याला पाडायचं होतं तो एवढी मोठी भिंत का सोडेल?

वास्तविक पाडायची गरजच नव्हती. साष्टीत वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. इथल्या मोठ्या इमारतींचं छप्पर म्हणजे लाकडी वासे आणि कौलं. कौलं दरवर्षी पावसाआधी चाळावी लागतात. कोकणात ज्याचं घर आहे त्याला हे सांगायला नको. दोन वर्षं कुणी कौलं चाळली नाहीत की वाशात पाणी मुरतं, पाचव्या-सातव्या वर्षी वासा बसतो. शिवाय सागवान ही मौल्यवान वस्तू, दारं-खिडक्या-तुळया कुणी ना कुणी उचलून नेणारच. छप्पर गेलं की भिंतीचा माथा उघडा पडतो, चुना विरघळतो, सांध्यात पिंपळ रुजतो. पुढचं काम पिंपळ करतो. १७३९ मध्ये या शाळेचं जे तुटलं ते तिचं उत्पन्न. शेतांचा सारा नव्या सरकारकडे गेला, राजाची नेमणूक थांबली, आणि कौलं चाळायला माणूस उरला नाही. बाकीचं कोकणच्या हवेने केलं.

वांद्र्याला मात्र वेगळं घडलं

याच वेळी वांद्र्याला जेझुइटांचं सांता आना कॉलेज होतं. माहीमच्या खाडीच्या तोंडावर, समोर इंग्रजांची मुंबई. ही जागा शाळेसाठी जितकी चांगली तितकीच तोफांसाठीही, आणि जेझुइटांनी तिथे तोफा ठेवल्याही होत्या. मराठे वांद्र्यापर्यंत आले तर इथून मुंबईवर मारा करतील ही इंग्रजांची भीती. त्यांच्या सल्ल्याने १७३९ च्या सुमारास वांद्र्याचं ते सगळं बांधकाम उद्‌ध्वस्त करण्यात आलं. म्हणजे कॅथलिक शाळेची इमारत जमीनदोस्त झाली ती तिच्या हितचिंतकांच्याच हातून, आणि कारण निव्वळ लष्करी.

तिथलं काय उरलं? एक क्रॉस. एकाच दगडातून घडवलेला, सुमारे १७ फूट उंच, ख्रिस्ताच्या यातनांची ३९ चिन्हं अंगभर कोरलेला. तो आज वांद्र्याच्या सेंट अँड्र्यूज चर्चच्या आवारात उभा आहे. इमारत मात्र नावापुरतीही नाही.

दोन शाळा, एकाच सत्तेखालच्या, एकाच वेळी संपलेल्या. जी मोक्याच्या जागी होती ती शिल्लक राहिली नाही. जी आत, शेतांमधल्या टेकाडावर होती, जिचा ना कुणाला धोका ना कुणाला उपयोग, ती उभी राहिली. मंडपेश्वराचं कॉलेज वाचलं ते कुणी वाचवलं म्हणून नव्हे, तर कुणाला त्याचं काही पडलं नव्हतं म्हणून.

मधली दोनशे वर्षं

डिसेंबर १७७४ मध्ये इंग्रजांनी ठाणं घेतलं, १७८२ च्या सालबाईच्या तहाने साष्टी त्यांच्याकडे कायम झाली. साष्टीतला ख्रिस्ती समाज या सगळ्या काळात इथेच होता. हे ठासून सांगायला हवं, कारण आजही अनेकांच्या डोक्यात 'पोर्तुगीज गेले तसे ख्रिस्तीही गेले असतील' असं काहीतरी असतं. ते कुठे जाणार? ते इथलेच आगरी, कोळी, कुणबी, पाचकळशी, भंडारी. शेत इथलं, विहीर इथली, बोली मराठीचीच. युरोपीय पाद्री गेल्यावर गोवेकर पाद्र्यांनी त्यांची चर्च सांभाळली. १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, या समाजाने स्वतःला 'ईस्ट इंडियन' हे नाव घेतलं. नोकऱ्यांसाठी बाहेरून येणाऱ्या ख्रिश्चनांपेक्षा आपण वेगळे, मूळचे, हे दाखवण्यासाठी.

या समाजाने चर्च टिकवलं, पण माथ्यावरचं कॉलेज पुन्हा बांधलं नाही. कसं बांधणार? भाताच्या शेतीवर जगणाऱ्या गावाला एवढी वास्तू पेलणारी नव्हती. ती गावासाठी आखलेलीच नव्हती. गावाने मागितलं असतं तर एक खोली, एक मास्तर आणि एक घंटा एवढंच मागितलं असतं.

मग रेल्वे आली. १८६० च्या दशकात बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेच्या गाड्या साष्टीतून धावू लागल्या, बोरिवलीला स्टेशन झालं. तरी शंभरएक वर्षं हा भाग खेडंच राहिला. बृहन्मुंबईची हद्द १९५७ मध्ये दहिसर-मुलुंडपर्यंत वाढली तेव्हा कागदोपत्री बोरिवली मुंबईत आली. त्यानंतर इमॅक्युलेट कन्सेप्शन चर्चच्या परिसरात वसाहत उभी राहत गेली. तीच आय. सी. कॉलनी. ईस्ट इंडियनांबरोबर गोवेकर, मंगळूरकर आले आणि ख्रिसमसला कंदील पाहायला सगळी बोरिवली जिथे जाते ती गल्ली तयार झाली.

शिक्षणाचं म्हणाल तर तेही टेकाडाजवळ परतलं. फ्रान्सिस्कन ब्रदर्सची शाळा आहे. १९९९ मध्ये सुरू झालेलं त्यांचं अभियांत्रिकी महाविद्यालयही तिथेच, माउंट पॉइन्सरचा पत्ता लावून. नाव त्याच संत फ्रान्सिसचं. पण हा जुन्या कॉलेजचा पुनर्जन्म नव्हे. हे ब्रदर्स वेगळ्या संस्थेचे, इमारती वेगळ्या, विद्यार्थी सगळ्या जातिधर्मांचे. आणि खर्च भागतो तो विद्यार्थ्यांच्या फीमधून. पडक्या भिंतींच्या शेजारीच हे सगळं चालू असतं. भिंतींना कुणी हात लावत नाही, कारण आता त्यांची कुणाला गरज नाही.

आजची स्थिती

आज खालचं लेणं भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे. निळी पाटी, कुंपण, पहारेकरी. गाभाऱ्यात शिवलिंग, समोर नंदी, आणि रोज येणारे भाविक. महाशिवरात्रीला रांग लागते. लेण्यावरची जमीन चर्चची. म्हणजे छताच्या एका अंगाला एक मालक आणि दुसऱ्या अंगाला दुसरा. वरच्या बाजूला पडलेलं पाणी कातळात मुरतं आणि खाली शिल्पांवरून झिरपतं. पाण्याला सात-बारा वाचता येत नाही.

आता कायद्याकडे या. प्राचीन स्मारकांचा १९५८ चा कायदा आणि त्यातली २०१० ची दुरुस्ती यांनी संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटरचा पट्टा बांधकामाला बंद केला, त्यापुढच्या २०० मीटरवर नियंत्रण आणलं. लेण्याच्या डोक्यावरच्या भिंती अर्थातच त्या १०० मीटरच्या आत येतात. तिथे साधी डागडुजी करायची तरी परवानगी काढावी लागते. पट्ट्यातल्या जुन्या सोसायट्यांच्या पुनर्विकासाचंही तेच. ज्याच्या इमारतीची गॅलरी लटकते आहे त्याला हा कायदा स्मारकाचा शत्रू वाटतो, आणि मी त्याला दोष देत नाही. पण हा नियम नसता तर या टेकाडाच्या अंगाला टॉवर चिकटले असते, याबद्दलही मला शंका नाही.

वादाचे प्रसंग आले की दोन बाजू उभ्या राहतात. एक म्हणते, सगळं मुळात देवळाचं. दुसरी म्हणते, वरचा भाग आमच्या श्रद्धेचा वारसा. दोघांचंही म्हणणं आपापल्या जागी खरं. अडचण अशी की या भांडणात शाळेची बाजू घेणारा कुणीच नसतो. देवळाला भक्त आहेत, चर्चला भक्त आहेत. बंद पडलेल्या वसतिगृहाला माजी विद्यार्थी संघ नसतो. तिथे शिकलेल्या, तिथे बळाने आणलेल्या, तिथेच मेलेल्या पोरांची नावं कुठल्याही पाटीवर नाहीत, आणि ती पोरं ज्या समाजातून आली त्या दोन्ही समाजांची मुलं आज टेकाडाखालच्या मैदानात एकाच चेंडूने क्रिकेट खेळतात.

माझ्या मते इथे जीर्णोद्धार करू नये. छप्पर चढवून, फरशी घालून 'पोर्तुगीज कॉलेज' उभं करणं म्हणजे नवीन इमारत बांधून तिला जुनं नाव देणं. तसंच भिंती काढून लेण्याचा माथा 'मोकळा' करण्याची कल्पनाही नको. त्या भिंतींचं वजन आणि लेण्याचं छत गेली साडेचारशे वर्षं एकमेकांना धरून आहेत, ते सोडवण्याचे प्रयोग कुणी करू नयेत. करण्यासारखं काम लहान आणि कंटाळवाणं आहे. पावसाळ्याआधी भिंतीच्या सांध्यातली पिंपळाची आणि वडाची रोपं मुळासकट काढायची. फक्त पानं छाटली तर मुळं आत जाड होतात. भिंतीचे उघडे माथे चुन्याच्या लेपाने बंद करायचे. सिमेंट नको, कारण सिमेंटला पाणी बाहेर सोडता येत नाही आणि शेजारचा मऊ दगड फुटतो. माथ्यावर पाणी साचतं तिथून टेकाडाच्या मागच्या उताराकडे उघडं गटार काढायचं, म्हणजे लेण्यातलं झिरपणं कमी होईल. या तिन्ही कामांना पुरातत्त्व खातं आणि चर्च यांना एका कागदावर सह्या कराव्या लागतील, परवानगीचा अर्ज एकत्र जाईल, आणि त्यासोबत वर्षाकाठच्या खर्चाची तरतूद कुणाच्या तरी अंदाजपत्रकात लिहावी लागेल. एकदाच मिळणारं अनुदान इथे उपयोगाचं नाही. रोपं दरवर्षी उगवतात.